चिपाड, तुराट्या की टॉवेलची कतरण? मोहोळहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यात घरचा ऊस आणि तूर आहे. मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात आणि हाताशी पंधरा-वीस लाख आहेत. वनस्पतीतल्या सेल्युलोजचा नॅनोतंतू स्टीलपेक्षा मजबूत असतो हे तुम्ही कुठेतरी पाहिलंत. आता चिपाडातून तो काढून टेबलटॉप, हेल्मेट, गाडीची पॅनेलं असं काही सोलापुरात करता येईल का, आणि त्यासाठी कोणतं मशिन घ्यावं, असं विचारताय.

माझं आयुष्य लगदा, तो कुटणारा बीटर आणि प्रेस यांच्यात गेलं. मशिनचं नाव मी लगेच सांगणार नाही, कारण मशिन हा तुमचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा आहे: ताकद झाडाने आधीच तयार करून ठेवली आहे, तर ती कमीत कमी वाया घालवून, कमीत कमी पाणी आणि वीज खर्चून, गिऱ्हाईक पैसे देईल अशा वस्तूत कशी आणायची? तुमच्याकडे असलेल्या तीन-चार कच्च्या मालांचं उत्तर इथे वेगवेगळं येतं.

आधी स्टीलचं प्रकरण. ते खोटं नाही, अर्धवट आहे. सेल्युलोजचा स्फटिक लांबीच्या दिशेने ताणला तर त्याचा ताठपणा सुमारे १४० गिगापास्कल भरतो, स्टीलचा २००. पण सेल्युलोजची घनता १.५ ते १.६ आणि स्टीलची ७.८. म्हणजे वजनाला वजन लावलं तर सेल्युलोज तिपटीहून पुढे. एकेका नॅनोतंतूची ताणशक्ती दोन-तीन हजार मेगापास्कलपर्यंत जाते, असे अंदाज आहेत. साधं बांधकामाचं स्टील ४०० च्या आसपास तुटतं.

पण असे कोट्यवधी तंतू एकत्र करून कागद केला, तर प्रयोगशाळेतला चांगला नॅनोकागदही २०० मेगापास्कलच्या आसपास तुटतो. एका तंतूची ताकद दोन हजार आणि त्याच्याच कागदाची दोनशे, मग बाकीची गेली कुठे? काही दिशेत गेली, कारण कागदात तंतू आडवेतिडवे पडलेले असतात आणि ओढ एकाच बाजूची असते. काही जोडांत गेली, कारण कागद फाटतो तेव्हा बहुतेक वेळा तंतू तुटत नाही, तो शेजारच्या तंतूपासून सुटतो. तुमचं टेबलटॉप कितीही भारी तंतूचं असलं तरी ते त्याच्या जोडाइतकंच मजबूत राहणार.

आणखी एक. साधं चांगलं लाकूड रेषेच्या दिशेने ओढलं तर १०० मेगापास्कलच्या आसपास टिकतं, आणि घनता फक्त ०.६. वजनाच्या हिशेबात घरातली सागवानी तुळई साध्या स्टीलला आजही मागे टाकते. रेषेच्या आडवं ओढलं की तेच लाकूड चार-पाच मेगापास्कललाच फाटतं. झाडाने सगळे तंतू एका दिशेत लावले आहेत आणि मध्ये त्यांना चिकटवून ठेवणारं लिग्निन भरलं आहे. आपण त्याचा लगदा करतो तेव्हा ती मांडणी मोडतो, आणि मग तशीच मांडणी पुन्हा करायला पैसे खर्च करतो. म्हणून माझं मत असं आहे: वनस्पतीला जितकं कमी मोडाल तितकं स्वस्तात मजबूत मिळेल. नॅनो म्हणजे मोडण्याचं शेवटचं टोक.

या मताला बळ देणारं उदाहरण तुमच्या मामांना नीट माहीत असेल: जुन्या साध्या मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा. दिवसभर दोन्ही बाजूंनी मार खाणारी ही वस्तू नेहमीच्या लाकडाची फार टिकत नाही. म्हणून लाकडाचे पातळ पापुद्रे फिनॉल रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक रचून, गरम प्रेसमध्ये दाबलेल्या लाकडाचे धोटे आले. त्या लाकडाचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो, इतकं ते घट्ट असतं. ट्रान्सफॉर्मरच्या आतही असंच दाबलेलं लाकूड वापरतात. २०१८ साली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने यापुढचं पाऊल टाकलं. लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात उकळून अर्ध्याच्या आसपास लिग्निन काढलं आणि मग १०० अंशांना दाबलं. जाडी एक पंचमांशावर आली आणि ताणशक्ती ५८७ मेगापास्कलपर्यंत गेली, मूळ लाकडाच्या दहापटीहून जास्त. त्यांनी तंतूंची दिशा मोडली नाही, फक्त मधल्या पोकळ्या मिटवल्या. ज्याच्याकडे लाकूड आहे त्याने हा रस्ता बघावा. आपल्या माळरानावर लाकूड नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा विषय इथेच थांबतो.

आता पाणी. नवीन माणूस इथेच फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लगद्याला चिकट लागत नाही, कागद डिंकावाचून धरतो. भिजलेले तंतू पाण्याबरोबर जवळ येतात, पाणी निघताना एकमेकांना खेचून घेतात, आणि शेवटचं पाणी गेलं की त्यांच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना धरतात. बीटरमध्ये लगदा कुटतात तो यासाठीच. पीळ सुटलेल्या दोरीसारखे तंतूचे बारीक धागे बाहेर येतात आणि धरायला जागा वाढते. कुटणं वाढवत नेलं की तंतू नॅनोकडे सरकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगदा प्रचंड दाबाच्या होमोजिनायझरमधून फिरवून पहिल्यांदा असा जेल काढला. तेव्हा एका टनाला २५,००० युनिटच्या घरात वीज जायची. पुढे टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई यांच्या गटाने टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने तंतू आधी रासायनिक पद्धतीने सैल केला, त्यामुळे विजेचा खर्च खूप उतरला. २०१५ चा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. पण वीज वाचली तरी पाणी तिथेच राहतं. जेल मिळतो तो साधारण दोन टक्क्यांचा, म्हणजे एक किलो कोरड्या मालामागे ४९ लिटर पाणी. एक लिटर पाणी तापवून उडवायला ०.७ युनिटच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे किलोमागे ३४ युनिट. विजेने वाळवलं आणि युनिट आठ-नऊ रुपयांना धरलं, तर नुसत्या वाळवणीचे तीनशे रुपये किलो. जेल इतका चिवट असतो की त्यातलं पाणी दाबूनही सहज निघत नाही.

साधा लगदा जाळीवर ओतला की बरंचसं पाणी आपणहून गळतं. व्हॅक्यूम आणि प्रेस लावला की किलोमागे एक-सव्वा लिटर उरतं. तेवढं वाळवायला एखादं युनिट पुरतं, प्रत्यक्षात नुकसान धरून दोन. तीनशे रुपये आणि पंधरा-वीस रुपये यांतला फरक तुम्हाला वेगळा समजावायला नको. त्यात शहरात नळाला रोज पाणी नाही आणि एमआयडीसीतही पाणी मोजून वापरावं लागतं. तेव्हा मशिनच्या आधी जाळीवरून गळलेलं पाणी परत बीटरला नेण्याची व्यवस्था आखा.

म्हणजे नॅनो बाद का? नाही. तो विकायचा माल नाही, मिसळायचा माल आहे. साध्या लगद्यात दोन-चार टक्के अतिबारीक कुटलेला तंतू टाकला की तो मोठ्या तंतूंमधल्या फटी भरतो आणि जोड वाढवतो. परदेशातल्या काही कागद गिरण्या नेमकं हेच करतात. तुम्हीही तुमच्याच लगद्यातला थोडा भाग वेगळा काढून जास्त वेळ कुटा आणि पुन्हा त्यात मिसळा. त्याला होमोजिनायझर लागत नाही. प्रमाण वाढवाल तर पाणी गळायला वेळ लागेल आणि दिवसाचं उत्पादन पडेल. म्हणून चार-पाच टक्क्यांच्या वर मी सहसा जात नाही.

कच्च्या मालाकडे येऊ. कडब्याला हात लावू नका. सोलापुरात कडब्याला जनावरांच्या दावणीला जो भाव मिळतो तो कुठलाही पुठ्ठा देऊ शकत नाही. पाचट शेतातच राहू द्या.

चिपाड सगळ्यांना फुकटचं वाटतं. घरचा ऊस कारखान्याला गेला की चिपाड कारखान्याचं होतं, आणि कारखाना ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतो. तुम्हाला ते जळणाच्या भावाने विकत घ्यावं लागेल, तेही निम्मं पाणी धरून. त्यात सुमारे ३० टक्के गर असतो. तो लगद्यात राहिला तर पाणी धरून ठेवतो आणि ताकद देत नाही, म्हणून आधी वेगळा काढावा लागतो. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत संपतो, म्हणजे उरलेल्या वर्षाची साठवण आली. ओला ढीग आंबतो, तापतो, कधी पेटतोही. आणि लगद्यासाठी ते कॉस्टिकमध्ये शिजवलं की काळं पाणी निघतं. ते ओढ्यात सोडता येत नाही, सोडूही नये. त्यातून रसायन परत मिळवणारा प्लांट मोठ्या गिरणीलाच परवडतो. तमिळनाडूत करूरजवळची टीएनपीएल ही मोठी गिरणी चिपाडावर उत्तम कागद करते, पण तिचा पसारा आणि तुमचे वीस लाख यांची तुलनाच होत नाही. चिपाड हवंच असेल तर कुणाकडून तयार लगदा विकत घ्या.

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, लाकडासारख्या असतात. त्यांचे तुकडे करून, वाळवून, रेझिन लावून, गरम प्रेसमध्ये पार्टिकल बोर्ड होतो. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, असा बोर्ड करण्यावर मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने बरंच काम केलं आहे. तिथे नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांटही आहे, उत्सुकता असेल तर एकदा पाहून या. पण बोर्डाला मोठा हॉट प्रेस लागतो. आयएस ३०८७ या भारतीय मानकाप्रमाणे चाचण्या लागतात. स्वस्त युरिया रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूचा प्रश्न असतोच. शिवाय पांढरा कोळसा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या जळाऊ विटा) करणारे तुराट्या आधीच उचलतात. एकट्याने वीस लाखांत हे बसत नाही. गावातल्या पाच-सात जणांनी मिळून कंपनी केली तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्याकडचा खरा माल, ज्याला तुम्ही प्रश्नात धरलंच नाही: मामांच्या कारखान्यातली कतरण.

लाकडात सेल्युलोज ४०-४५ टक्के असतं, चिपाडातही जवळपास तेवढंच. कापसात ९० टक्क्यांहून जास्त. त्यात लिग्निन जवळजवळ नाही, म्हणजे शिजवणं नाही आणि काळं पाणीही नाही. टॉवेलच्या कडा, सुताचं वेस्ट, मागाखाली साचणारा बारीक कापूस, चादरीच्या चिंध्या हा माल सोलापुरात बारा महिने निघतो. आपल्या नोटांचा कागद कापसाचाच असतो, तो किती हात सोसतो ते तुम्ही रोज पाहता. भिजल्यावर कापसाचा तंतू आणखी मजबूत होतो, तर व्हिस्कोसची ताकद भिजल्यावर जवळपास निम्म्यावर येते. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून चिंध्यांचा कागद करते आहे. तिथे हॉलंडर बीटर चालताना पाहायला मिळाला तर सोडू नका.

अडचणी इथेही आहेत, पण त्या तुमच्या आवाक्यातल्या आहेत.

कापसाचा तंतू लांब असतो. तसाच बीटरमध्ये टाकला तर त्याच्या दोऱ्या वळतात आणि रोलला गुंडाळतात. आधी पाच ते दहा मिलिमीटर कापून घ्या. दुसरं, ताण्याच्या सुतावर सायझिंगची कांजी असते. ती न काढता लगदा ठेवला तर चैत्र-वैशाखात दोन दिवसांत आंबून वास सुटतो. प्रोसेसवाले अमायलेज एन्झाइम वापरून ती काढतात, त्यांच्याकडूनच शिकून घ्या. तिसरं, कापसात हेमिसेल्युलोज (सेल्युलोजचा आखूड साखळ्यांचा भाऊबंद) नगण्य असतं, आणि ते तंतूंना धरायला मदत करतं. शिवाय कापूस बोंड फुटल्यावर एकदा खडखडीत वाळलेला असतो, त्यामुळे पुन्हा भिजवला तरी हिरव्या झाडाच्या लगद्याइतका फुगत नाही. नुसत्या कतरणीचा पुठ्ठा म्हणून भुसभुशीत येतो, आणि लोक म्हणतात कापूस चालत नाही. तो जास्त वेळ कुटा आणि त्यात पाव हिस्सा जुन्या तपकिरी खोक्यांचा लगदा मिसळा. खोक्यातला क्राफ्ट, म्हणजे तपकिरी कागदातला लाकडाचा तंतू हेमिसेल्युलोज घेऊन येतो आणि जोड सुधारतो. हे प्रमाण कतरणीवर ठरेल, माझा आकडा डोळे मिटून घेऊ नका.

वाळवणीत सोलापूरचं ऊन तुमचा भागीदार आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा आणि कोरडी हवा. पण ताव मोकळा टाकला तर तो आक्रसून पापडासारखा वाकतो. चौकटीत ताणून किंवा जाळीच्या दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवा. ताणात वाळलेला पुठ्ठा सपाट तर येतोच, पण जास्त ताठही असतो, कारण वाळताना तंतू सरळ ओढले जातात.

आता वस्तू. हेल्मेट डोक्यातून काढा. ती धक्का शोषण्याची वस्तू आहे आणि दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ सक्तीचं आहे. गाडीची पॅनेलं मोठ्या कंपन्यांच्या मंजुरीवर चालतात, वर्षं जातात. टेबलटॉपला प्लायवूडची स्पर्धा आहे. मी तुमच्या जागी असतो तर साच्यात घडवलेल्या लगद्याच्या वस्तूंकडे गेलो असतो, आणि त्यातही डाळिंबाच्या ट्रेकडे. सांगोला आणि पंढरपूर भाग जवळ, फळाला दर चांगला, आणि बागायतदार पॅकिंगवर खर्च करायला तयार. अॅल्युमिनियमचा साचा, त्यावर बारीक जाळी, मागून व्हॅक्यूम, मग प्रेस. हे मशिन मेकॅनिकलवाला स्वतः बनवू शकतो, म्हणून सुरुवातीला मी तुम्हाला कुठलं नाव सांगितलं नाही. दुसरं गिऱ्हाईक मामांच्या शेजारीच आहे. बाहेरच्या देशांत टॉवेल पाठवणाऱ्यांना प्लास्टिकविना पॅकिंग हवं असतं, त्यांच्याच कतरणीचा खोका त्यांनाच विकता येईल.

ट्रेची एक गोष्ट आधीच सांगतो. डाळिंब शीतगृहात ठेवतात तिथे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते. सेल्युलोज हवेतून पाणी ओढतो, आणि अशा हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सोलापुरात एप्रिलमध्ये ताठ उभा राहणारा ट्रे शीतगृहात किंवा आषाढात कोकणात नेला की बसतो. त्यासाठी लगद्यात ओल्यातही ताकद टिकवणारं वेट-स्ट्रेंग्थ रेझिन अर्धा-एक टक्का घालतात, आणि पाणी शोषू नये म्हणून एकेडी नावाचं रसायन. दोन्हींना नीट उष्णता मिळाली तरच ती पकडतात, म्हणजे नुसत्या उन्हावर भागणार नाही, शेवटचा फेरा गरम साच्यातून काढावा लागेल. चाचणी खोलीत करू नका. ट्रे भरून, एकावर एक रचून, खऱ्या शीतगृहात ठेवा आणि खालचा ट्रे किती दबला ते मोजा.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. कतरण रोज किती निघते आणि ती सध्या कुणाला विकली जाते? चिंधीवाला चांगला भाव देत असेल तर गणित फिरतं. जागा प्रदूषण मंडळाच्या कोणत्या वर्गात बसते? कॉस्टिक न वापरता नुसता लगदा करणं आणि कॉस्टिकमध्ये शिजवणं यांत परवान्याचा मोठा फरक पडतो, पहिला रुपया खर्च करण्याआधी तो विचारा. आणि रंग. चादरीच्या गडद चिंध्यांचा लगदा मळकट निघतो. ब्लिच करायला जाऊ नका, पाणी आणि परवाना दोन्ही वाढतात. रंगानुसार कतरण वेगळी ठेवा, पांढऱ्या टॉवेलची खोक्यांना आणि रंगीत ट्रेला.

सुरुवात एका छोट्या बीटरने, हाताच्या प्रेसने आणि एकाच साच्याने करा. वीस लाखांतले चार-पाचच आत्ता खर्च करा.

त्याआधी मामांच्या कारखान्यातून आठ दिवसांची कतरण जमवा आणि प्रत्येक पोत्यातले काही धागे जाळून पाहा. कापूस जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. हल्ली बॉर्डरला आणि शिलाईला पॉलिस्टरचा धागा सर्रास येतो. तो कुटला जात नाही, फुगत नाही, कुणाला धरत नाही, आणि साच्याच्या जाळीत अडकून बसतो. मणी वारंवार दिसले तर ते पोतं बाजूला काढा आणि कापणाऱ्या बाईला कडा वेगळ्या टाकायला सांगा. कापडाच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीत कापूस विरघळून पॉलिस्टर उरतं, नेमका टक्का तिथून कळेल. पाच टक्क्यांच्या वर आला तर आधी कतरण सुधारा, बीटर नंतर घ्या.